त्रेनितालिया की इतालो? इटलीच्या सुट्टीत रेल्वे कंपनी निवडताना

नाशिकरोडहून मुंबईला निघायचं तर आपण फक्त गाडी निवडतो. पंचवटी मिळाली तर उत्तम, नाहीतर तपोवन, घाई असेल तर वंदे भारत. तिकीट एकाच ॲपवर काढायचं, परताव्याचे नियम सगळीकडे तेच, आणि गाडी कुठलीही असो, रेल्वे एकच. त्यामुळे इटलीच्या सहलीची आखणी करताना रोम ते फ्लॉरेन्स असं शोधलं आणि तासाभरात दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या चार-पाच गाड्या वेगवेगळ्या भावाने समोर आल्या, की चांगली जाणती माणसंही गोंधळतात.

दरवर्षी आमच्या नात्यागोत्यातलं, नाहीतर शेजारपाजारचं कोणी ना कोणी युरोपला निघतं आणि मला फोन येतो. "ताई, दोन कंपन्या दिसताहेत, चांगली कोणती?" मी सांगते, हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारा. आधी स्टेशन ठरवा, मग वेळ, मग तिकिटाची अट बघा, मग घरातल्या सगळ्यांची मिळून किंमत काढा. एवढं झालं की कंपनी बहुतेक वेळा आपोआप ठरलेली असते. ते कसं करायचं, हे खाली क्रमाने लिहिते आहे.

एकाच रुळावर दोघी

त्रेनितालिया ही सरकारी समूहातली कंपनी. तिच्या वेगवान गाडीचं नाव फ्रेच्चारोस्सा, म्हणजे लाल बाण. इतालो ही खासगी कंपनी, तिची पहिली गाडी २८ एप्रिल २०१२ रोजी धावली. दोघींचे रूळ एकच. रूळ, सिग्नल आणि मार्ग सांभाळणारी कंपनी वेगळी आहे. तीही सरकारी समूहातलीच, पण गाड्या चालवणं तिचं काम नाही. दोघी तिला रूळ वापरण्याचं भाडं देतात. दोघींच्याही गाड्या याच वेगवान मार्गावर ताशी ३०० किलोमीटरपर्यंत जातात.

आपल्याकडेही एकेकाळी रेल्वे कंपन्या अनेक होत्या. कसाऱ्याचा घाट ओलांडून नाशिकला आलेली लाइन ग्रेट इंडियन पेनिन्सुला कंपनीची. पण तेव्हा कंपन्यांनी मुलूख वाटून घेतलेला होता. नाशिकच्या प्रवाशाला पेनिन्सुलाचीच गाडी, सुरतेच्या प्रवाशाला बॉम्बे-बडोद्याची. एकाच फलाटावर उभं राहून दोन कंपन्यांतली एक निवडायची वेळ आपल्या आजोबा-पणजोबांवरही आली नाही. म्हणून ही सवय आपल्याला नाही, आणि ती नसणं अगदी स्वाभाविक आहे.

एक समज मात्र आधीच बाजूला ठेवा. सरकारी म्हणजे ढिसाळ आणि खासगी म्हणजे चकाचक, हा हिशेब इथे लागू होत नाही. स्पर्धा सुरू झाल्यावर दोघींनीही गाड्या सुधारल्या. बसायच्या जागेत, वेगात, स्वच्छतेत एवढा फरक नाही की त्यावरून निवड करावी. खरा फरक वेगळ्याच ठिकाणी आहे. त्रेनितालियाच्या गाड्या जास्त आणि तिचं जाळं देशभर. इतालोच्या गाड्या कमी, त्या मुख्यतः मोठ्या शहरांमध्ये, आणि त्यामुळे तिला प्रवासी ओढायला भाव पाडावे लागतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे ती वारंवार उपयोगी पडेल.

पहिली पायरी: प्रवासाचे तुकडे पाडा

कागद घ्या आणि आपली सहल शहरांप्रमाणे तोडा. आपल्याकडची बहुतेक कुटुंबं मिलान, व्हेनिस, फ्लॉरेन्स, रोम आणि जमलं तर नेपल्स-पाँपेई अशी फिरतात. शहरांची नावं शोधताना इटालियन रूपं वापरायची: मिलानो, व्हेनेत्सिया, फिरेन्त्से, रोमा, नापोली. संकेतस्थळाची भाषा बदलली तरी स्टेशनांच्या पाट्यांवर आणि तिकिटावर हीच नावं येतात. फ्लॉरेन्सची गाडी शोधत फलकासमोर उभी राहिलेली कुटुंबं मी पाहिली आहेत. फलकावर फिरेन्त्से असतं आणि गाडी डोळ्यांसमोरून निघून जाते.

आता प्रत्येक तुकड्यासमोर लिहा: दोघी की एकच?

मिलान-व्हेनिस, व्हेनिस-फ्लॉरेन्स, फ्लॉरेन्स-रोम, रोम-नेपल्स या चारही टप्प्यांवर दोघी धावतात. वेळ साधारण अशी: मिलान ते व्हेनिस सव्वादोन ते अडीच तास, व्हेनिस ते फ्लॉरेन्स दोन तासांच्या आसपास, फ्लॉरेन्स ते रोम दीड तास, रोम ते नेपल्स सव्वा तास. रोम-फ्लॉरेन्स हे अंतर सुमारे अडीचशे किलोमीटर आहे, म्हणजे आपल्या नाशिकरोड-मुंबईपेक्षा जास्त, हे डोळ्यासमोर ठेवलं की या गाड्यांपुढे विमानाचा विचार कोणी का करत नाही ते कळतं.

फ्लॉरेन्सहून पिसाचा मनोरा बघायला जायचं असेल, किंवा समुद्रकाठच्या चिंक्वे तेर्रेच्या गावांना, तर तिथे त्रेनितालियाची प्रादेशिक गाडी. तिचं भाडं ठरलेलं असतं. आज काढा नाहीतर तीन महिने आधी काढा, पैसे तेवढेच. म्हणून अशा टप्प्यांची तिकिटं घरून काढून स्वतःला बांधून घेऊ नका. आदल्या दिवशी, किंवा स्टेशनवर पोचल्यावर यंत्रातून काढली तरी चालतं. नेपल्सहून पाँपेईच्या अवशेषांपाशी सोडणारी लोकल तर तिसऱ्याच कंपनीची आहे. तिला चिर्कुमव्हेसुव्हियाना म्हणतात, आणि उतरायचं स्टेशन पाँपेई स्काव्ही. तिचं तिकीट या दोघींपैकी कोणाच्याही ॲपवर शोधत बसू नका.

म्हणजे निवड करायची ती फक्त तीन-चार टप्प्यांसाठी. एवढं कळलं तरी निम्मा ताण जातो.

दुसरी पायरी: शहर नव्हे, स्टेशन बघा

या पायरीवर मी सगळ्यात जास्त थांबणार आहे, कारण इथली चूक पैशांपेक्षा जास्त महागात पडते.

व्हेनिसला दोन स्टेशनं. व्हेनेत्सिया मेस्त्रे जमिनीवरच्या उपनगरात, आणि व्हेनेत्सिया सांता लुचिया प्रत्यक्ष बेटावर. सांता लुचियाच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं की समोर मोठा कालवा. आमच्या पहिल्या सहलीत मेस्त्रेपर्यंतचं तिकीट माणशी तीन युरोने स्वस्त दिसलं म्हणून मी ते काढलं. हॉटेल बेटावर. रात्री नऊ वाजता सासूबाई, दोन मुलं आणि पाच बॅगा घेऊन आम्ही मेस्त्रेच्या फलाटावर उतरलो. पुढची लोकल शोधायची, तिकीट यंत्राशी झटायचं, जिने चढायचे. लोकलचा प्रवास दहा-बारा मिनिटांचाच, पण सासूबाईंचे गुडघे त्या जिन्यांवर दुखावले आणि दुसऱ्या दिवशी त्यांना सान मार्कोच्या चौकापर्यंत चालता आलं नाही. सहलीतला एक अख्खा दिवस पंधरा युरो वाचवायच्या नादात गेला. तेव्हापासून मी आधी हॉटेलचा पत्ता उघडते आणि मगच तिकीट.

उलटही खरं आहे. हॉटेल मेस्त्रेला घेतलं असेल, आणि बजेटमध्ये राहणारे बरेच जण तिथेच घेतात, तर सांता लुचियापर्यंत जाऊन परत फिरण्यात अर्थ नाही.

रोमला तेर्मिनी हे मुख्य स्टेशन, मेट्रोच्या दोन्ही मोठ्या लाइनी तिथे मिळतात. दुसरं तिबुर्तिना. बऱ्याच वेगवान गाड्या दोन्हीकडे थांबतात, काही एकाच ठिकाणी. रोमच्या फ्युमिचिनो विमानतळावरून तेर्मिनीला थेट जाणारी लेओनार्दो एक्सप्रेस ३२ मिनिटं घेते आणि तिचं तिकीट १४ युरो. विमानतळावरूनच निघणारी एक स्वस्त प्रादेशिक गाडी आहे, पण ती तेर्मिनीला जात नाही, तिबुर्तिनाला जाते. त्यामुळे विमानातून उतरून त्याच दिवशी फ्लॉरेन्स गाठायचं असेल तर तिबुर्तिनाहून सुटणारी किंवा तिथे थांबणारी गाडी सोयीची पडू शकते. काही फ्रेच्चारोस्सा तर थेट विमानतळावरूनच सुटतात. हे फक्त त्रेनितालियाकडे बघायचं.

फ्लॉरेन्सचं स्टेशन सांता मारिया नोव्हेल्ला, तिथून जुनं शहर चालत दहा मिनिटांवर. तिकिटावर काम्पो दी मार्ते किंवा रिफ्रेदी दिसलं तर थांबून नकाशा बघा. मिलानला चेन्त्राले. रोगोरेदो आणि पोर्ता गारिबाल्दी ही शहरातलीच, पण वेगळ्या टोकांना. नेपल्सला चेन्त्राले घ्या. आफ्रागोला हे देखणं नवं स्टेशन शहराबाहेर आहे, तिथे उतरलात तर नेपल्स अजून बरंच पुढे असतं.

बोलोन्याला गाडी बदलणार असाल तर वेगवान गाड्यांचे फलाट जमिनीखाली खोल आहेत, हे ध्यानात ठेवा. खालून वर येऊन दुसरी गाडी पकडायला सात-आठ मिनिटं पुरतील असं ॲप म्हणालं तरी आपल्या कुटुंबाला वीस मिनिटं तरी ठेवा.

प्रत्येक टप्प्यासमोर आता स्टेशनचं नाव लिहा. ते जुळत नसेल तर ती गाडी कितीही स्वस्त असली तरी यादीतून खोडा.

तिसरी पायरी: तारीख, वार आणि आपल्या शाळांच्या सुट्ट्या

आपण मे महिन्यात किंवा दिवाळीत निघतो. इटलीत २५ एप्रिल हा मुक्तिदिन, १ मे कामगार दिन आणि २ जून प्रजासत्ताक दिन. या तीन तारखांना लागून शनिवार-रविवार आला की तिथले लोकही आपल्यासारखेच जोडून सुट्टी घेऊन बाहेर पडतात. दिवाळीत १ नोव्हेंबरची त्यांची सर्वसंतांची सुट्टी येते. आपल्या परीक्षा संपतात तेव्हा त्यांची गर्दी सुरू झालेली असते. शक्य असेल तर या तारखांना शहर बदलू नका, त्याच शहरात राहा. तसंच शुक्रवारची संध्याकाळ आणि रविवारची संध्याकाळ महाग. मंगळवार-बुधवारी दुपारी अकरा ते तीनच्या गाड्या बहुतेक वेळा स्वस्त पडतात, आणि हॉटेल सोडून पुढच्या हॉटेलात खोली मिळेपर्यंतचा वेळही त्यातच जातो.

तिकिटं कधी काढायची? आपल्याकडे १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. तारीख ठरलेली, वेळ ठरलेली. तिथे असा एक नियम नाही. साधारण चार महिने आधी विक्री सुरू होते, पण दोन्ही कंपन्या एकाच दिवशी उघडत नाहीत. युरोपचं वेळापत्रक डिसेंबरच्या मध्याला आणि पुन्हा जूनच्या मध्याला बदलतं, त्याच्या पुढच्या तारखा उशिरा उघडतात. म्हणून एका कंपनीच्या गाड्या दिसत नाहीत याचा अर्थ त्या नाहीत असा धरू नका. आठवडाभराने परत बघा.

आणखी एक मोठा फरक. तिथे प्रतीक्षा यादी नसते, आरएसी नसते, तत्काळही नसतं. तिकीट मिळालं म्हणजे जागा मिळाली. पण विमानासारखे भाव चढतात. स्वस्त तिकिटांची संख्या ठरलेली असते, ती संपली की पुढचा भाव. रोम-फ्लॉरेन्सला दोन महिने आधी जे वीस-पंचवीस युरोला मिळतं ते त्याच दिवशी पन्नासच्या वर गेलेलं असू शकतं.

व्हिसाचं काय? शेंगेनसाठी अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि निर्णयाला साधारण १५ दिवस धरलेले असतात, कधी जास्त. व्हिसा हातात नसताना परत न मिळणारं तिकीट काढू नका, एवढंच माझं म्हणणं. मे महिन्यासाठी फेब्रुवारीत अर्ज केला तर मार्चच्या शेवटी चांगले भाव अजून शिल्लक असतात. आधीच तिकीट दाखवायची गरज पडली तर परतावा मिळणारं काढा आणि नंतर बदला.

चौथी पायरी: तिकिटाची अट वाचा

आपल्याला तिकीट रद्द करायची सवय असते. थोडे पैसे कापून बाकीचे खात्यात येतात, म्हणून काढून ठेवू, नंतर बघू. ही सवय इटलीत नडते.

त्रेनितालियाचे तीन मुख्य भाव आहेत. बेझ म्हणजे पूर्ण भाडं: गाडी सुटेपर्यंत हवं तेवढ्यांदा बदला, रद्द केलं तर २० टक्के कापून बाकीचे परत. इकॉनॉमी म्हणजे सुटण्यापूर्वी एकदा बदल, तोही फरक भरून, परतावा नाही. सुपर इकॉनॉमी म्हणजे काहीच नाही. बदल नाही, परतावा नाही, गाडी चुकली की पैसे गेले. इतालोकडे फ्लेक्स, इकॉनॉमी आणि लो कॉस्ट अशी उतरंड आहे. इकॉनॉमी हे नाव दोघींकडे असलं तरी अटी एकसारख्या नाहीत. म्हणून नावावर जाऊ नका. भावाच्या शेजारच्या छोट्या खुणेवर बोट ठेवलं की अट उघडते, ती वाचा आणि मगच आकड्यांची तुलना करा. एकीकडचं न बदलणारं तिकीट २५ ला आणि दुसरीकडचं बदलता येणारं ३२ ला असेल तर ती दोन वेगळ्या वस्तूंची किंमत आहे.

मी असा नियम पाळते. विमानातून उतरल्याच्या दिवशीचा प्रवास नेहमी बदलता येणारा. मुंबईहून विमान दोन तास उशिरा निघणं, सामानाच्या पट्ट्यावर तास जाणं, पासपोर्टच्या रांगेत तास जाणं, हे सगळं सहज होतं. परतीच्या विमानाच्या दिवशी रेल्वेच नको, आदल्या दिवशी त्या शहरात पोचा. मधल्या टप्प्यांना, जिथे हॉटेल ते हॉटेल असा सरळ प्रवास आहे, तिथे सगळ्यात स्वस्त, न बदलणारं तिकीट बिनधास्त घ्या. तिथे पैसे वाचवायचे.

जिथे वेळ चुकण्याची शक्यता आहे तिथे त्रेनितालियाच्या जास्त गाड्यांचा फायदा होतो. बदलता येणारं तिकीट हातात असेल आणि अर्ध्या तासाने पुढची गाडी असेल तर त्या तिकिटाला किंमत आहे. पुढची गाडी तीन तासांनी असेल तर बदलायची मुभा असून उपयोग काय?

एका प्रवासात दोन कंपन्या जोडू नका. समजा नेपल्सहून इतालोने रोमला यायचं आणि तिथून त्रेनितालियाची गाडी पकडायची. पहिली उशिरा आली तर दुसरी तुमच्यासाठी जबाबदार नाही, कारण ती तिकिटं वेगळी. जोडावंच लागलं तर मध्ये किमान दीड तास ठेवा. एकाच कंपनीच्या एकाच तिकिटावर दोन गाड्या असतील तर पुढची चुकल्यावर ती कंपनी तुम्हाला नंतरच्या गाडीने नेते.

पाचवी पायरी: माणशी नको, घराची बेरीज करा

इथे आपली मंडळी बऱ्याचदा "मुलं मोफत" या पाटीला भुलतात. त्रेनितालियाची एक सवलत आहे, त्यात मोठ्यांसोबत १५ वर्षांखालची मुलं फुकट जातात. सवलत खरी आहे आणि चांगलीही आहे. पण मोठ्यांचं भाडं बेझ, म्हणजे पूर्ण.

समजा तुम्ही दोघं, आई, आणि ११ व ७ वर्षांची दोन मुलं. पूर्ण भाडं ५० युरो धरू. तिघांचे १५०, मुलं फुकट, एकूण १५०. आता तीच गाडी सुपर इकॉनॉमीने २५ ला मिळत असेल तर पाच जणांचे १२५, मुलांना काहीही सूट न धरता. म्हणजे फुकट मुलं नेऊन २५ युरो जास्त गेले. पण हाच हिशेब आठवडाभर आधी केला, तेव्हा स्वस्त भाव चढून ४० झालेला असेल, तर पाच जणांचे २०० होतात आणि मुलांची सवलत ५० युरोने स्वस्त पडते, वर तिकीट बदलताही येतं. लवकर काढणाऱ्याला सुपर इकॉनॉमी, उशिरा काढणाऱ्याला कौटुंबिक सवलत, असं साधारण गणित बसतं. पण दोन्ही बेरजा दर वेळी करून बघाच.

चार वर्षांखालचं मूल त्रेनितालियात मांडीवर फुकट असतं, वेगळी जागा मिळत नाही. दीड तासाला चालतं, तीन तासांना मूलही वैतागतं आणि आईही. साठीच्या पुढच्यांसाठी दोन्ही कंपन्यांकडे वेगळा भाव असतो, त्यासाठी त्यांच्या फुकट सदस्यत्वात नाव नोंदवावं लागतं. आई-वडील सोबत असतील तर ही पाच मिनिटं जरूर खर्च करा. इतालो सदस्यांना ई-मेलवर सवलतीचे संकेतशब्दही पाठवते. ज्या दिवशी तिकीट काढायचं त्याच्या दोन-तीन आठवडे आधी नाव नोंदवलं तर एखादा हाती लागतो.

युरोपचा रेल्वे पास घ्यावा का, हेही खूप जण विचारतात. फक्त इटलीत तीन-चार वेगवान प्रवास असतील तर माझं उत्तर नाही असं आहे. पास असला तरी फ्रेच्चारोस्सात आरक्षणाचे पैसे वेगळे भरावे लागतात, आणि लवकर काढलेल्या तिकिटांची बेरीज पासपेक्षा कमी होते.

वर्ग आणि सामान

वर्गाबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. त्रेनितालियाचा स्टँडर्ड आणि इतालोचा स्मार्ट हे दोन्ही आपल्या चेअर कारपेक्षा आरामशीर आहेत, मोबाइल लावायला प्लग असतो. दीड-दोन तासांसाठी वरचा वर्ग घेऊ नका. अपवाद एकच: वरच्या वर्गाचा भाव खालच्यापेक्षा तीन-चार युरोंनीच जास्त दिसला तर घ्या, तसं कधी कधी दिसतं.

सामानाचं मात्र बघा. डब्यांच्या टोकाला मोठ्या बॅगांचे कप्पे असतात, वरच्या फळीवर मध्यम बॅग मावते. बॅगेच्या आकाराला दोघींनीही मर्यादा घातल्या आहेत, तिकीट काढतानाच त्या वाचा. आपण ज्या मोठ्या चार चाकी बॅगा घेऊन विमानात बसतो, तशा दोन बॅगा एका माणसाला स्वतः उचलून डब्यात चढवता येतील का, हे नाशिकलाच जिन्यावर करून बघा. हमाल मिळेल या भरवशावर जाऊ नका.

स्पेनला जाणाऱ्यांनीही हीच पद्धत वापरावी. तिथे २०२१ च्या मे महिन्यात फ्रेंच मालकीची विगो आणि २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये इर्यो उतरली, आणि माद्रिद-बार्सिलोना मार्गावर सरकारी रेन्फेला स्पर्धा मिळाली. तिथे सामान यंत्रातून तपासून मग फलाटावर सोडतात, त्यामुळे अर्धा तास आधी पोचायचं. विगोच्या स्वस्त तिकिटात मोठी बॅग धरलेली नसते, तिचे पैसे वेगळे. मोठ्या बॅगेचे पैसे धरून मगच तिकिटाची तुलना करा.

पैसे भरताना

तिकीट शक्यतो त्या त्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा ॲपवर काढा. त्रेनितालियाच्या ॲपवर इतालो दिसणार नाही आणि इतालोच्या ॲपवर त्रेनितालिया. तुलना करण्यासाठी दोन्ही एकत्र दाखवणारी मध्यस्थ संकेतस्थळं सोयीची आहेत, पण तिकीट काढताना ती आपलं शुल्क लावतात, आणि काही अडलं तर कंपनी तुम्हाला परत मध्यस्थाकडे पाठवते. आमच्या दिराच्या बाबतीत असंच झालं. गाडीची वेळ बदलल्याचा निरोप मध्यस्थाकडून आलाच नाही. तेव्हापासून आम्ही तुलना तिथे करतो, खरेदी मूळ ठिकाणी.

आपल्या बँकांची कार्डं परदेशी व्यवहारांसाठी मुळात बंद असतात. बँकेच्या ॲपमध्ये जाऊन ते आदल्या दिवशी चालू करा. ऐन वेळी व्यवहार नाकारला गेला आणि तोवर स्वस्त जागा संपली, असं होऊ देऊ नका. रुपयात भरायचं की युरोत असं विचारलं तर युरोत भरा. रुपयात भरण्याचा पर्याय सोपा दिसतो, पण त्यातला विनिमय दर आपल्या तोट्याचा असतो. बँकेचं परदेशी व्यवहाराचं शुल्क किती, तेही एकदा विचारून ठेवा.

नाव पासपोर्टवर आहे तसंच लिहा. आपल्याकडे वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मध्ये येतं. तिथल्या अर्जात नाव आणि आडनाव एवढेच दोन रकाने असतात. मधलं नाव पहिल्याच्या पुढे जोडा.

संप

इटालियन शब्द शोपेरो लक्षात ठेवा, तो ऐकू आला तर लगेच चौकशी करा. रेल्वेचे संप तिथे होतात, पण ते अचानक नसतात, आधी जाहीर करावे लागतात. निघायच्या आठवडाभर आधी एकदा आणि आदल्या दिवशी एकदा तपासा. संपाच्या दिवशीही काही ठरावीक लांब पल्ल्याच्या गाड्या हमखास चालवतात आणि त्यांची यादी कंपन्या प्रसिद्ध करतात. कंपनी निवडण्याचा इथेही संबंध येतो. संप एकाच कंपनीच्या कर्मचाऱ्यांचा असेल तर दुसरीच्या गाड्या चालू असतात, आणि त्या तासाभरात भरून जातात. घोषणा कळताच दुसरीकडे बघा. रद्द झालेल्या गाडीचे पैसे, तिकीट सुपर इकॉनॉमीचं असलं तरी, परत मिळतात.

प्रवासाच्या दिवशी

फलाट आधी कळत नाही. इटालियनमध्ये फलाटाला बिनारियो म्हणतात आणि त्याचा आकडा फलकावर गाडी सुटण्याच्या दहा-पंधरा मिनिटं आधी लागतो. फलकावर शहराचं नाव शोधू नका, गाडीचा क्रमांक शोधा, कारण गाडी पुढच्या कुठल्या तरी शहरापर्यंत जात असते आणि फलकावर शेवटचं नाव असतं. फ्लॉरेन्सला जायचं असलं तरी फलकावर मिलानो किंवा व्हेनेत्सिया दिसेल. पंचवटीसाठी मनमाड शोधावं तसंच ते. दोन्ही कंपन्यांच्या गाड्या पाच-दहा मिनिटांच्या अंतराने एकाच दिशेने सुटतात, तेव्हा चुकीच्या कंपनीच्या गाडीत चढणं अगदी सहज होतं. इतालोचं तिकीट फ्रेच्चारोस्सात चालत नाही. तिकिटावरचा क्रमांक आणि डब्यावरचा क्रमांक जुळवूनच चढा.

डब्याला कारोत्सा, जागेला पोस्तो. दारं सुटण्याच्या दोन मिनिटं आधी बंद होतात. आपल्याकडे चालत्या गाडीला हात देऊन वर घेतात, तिथे दार एकदा लागलं की लागलं. मोठ्या स्टेशनांवर फलाटाच्या तोंडाशी तिकीट दाखवावं लागतं, म्हणून मोबाइलमध्ये ते उघडून ठेवा आणि एकेक प्रत घरातल्या दुसऱ्या कोणाच्याही फोनमध्ये असू द्या.

प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट असेल तर चढण्यापूर्वी फलाटावरच्या छोट्या यंत्रात त्यावर शिक्का मारून घ्या. ॲपवरचं असेल तर त्यात चेक-इन करायचं असतं. शिक्का नसलेलं तिकीट विनातिकीट धरतात आणि दंड जागेवर भरावा लागतो. वेगवान गाड्यांना हे लागत नाही, त्यांत जागाच ठरलेली असते.

खाणं सोबत असू द्या. गाडीत कॉफी आणि सँडविच मिळतं, शाकाहारी माणसाचं त्यावर भागेलच असं नाही. नाशिकचा चिवडा, ठेपले, सुकी चटणी न्यायला हरकत नाही. पण पेढे, बर्फी, खव्याचं काहीही बॅगेत टाकू नका, कारण बाहेरून येणाऱ्या प्रवाशांना दुधाचे आणि मांसाचे पदार्थ युरोपीय संघात आणायला मनाई आहे.

आणि गाडीला उशीर झाला तर गप्प बसू नका. युरोपीय संघाच्या नियमाप्रमाणे एक ते दोन तास उशिरासाठी तिकिटाच्या २५ टक्के आणि दोन तासांच्या पुढे ५० टक्के भरपाई मिळते, कंपनी कोणतीही असो. उशिराला तिथे रितार्दो म्हणतात. फलकावर आपल्या गाडीपुढे तो आकडा दिसला की लगेच फोटो काढा, तिकीट पुसू नका, आणि दोन-तीन दिवसांत त्याच कंपनीच्या संकेतस्थळावर अर्ज करा. पुढच्या प्रवासाचं कूपन देऊ का असं विचारलं तर ते नको म्हणा. नाशिकला परतल्यावर त्या कूपनाचा उपयोग नसतो. पैसेच मागा, आणि ज्या कार्डाने भरले त्याच कार्डावर घ्या.